भाकरीने धरलेलं लोखंड

राधाकिशन बीडच्या सरकारी हायस्कुलात सायन्सचा मास्तर होता. राज्य निजामाचं, शाळेची जबान उर्दू. गंधक, पारा, तेजाब म्हणजे आम्ल, हे सगळं तो उर्दूतून शिकला आणि उर्दूतूनच शिकवायचा. लग्न केलं नव्हतं. भाड्याच्या एका खोलीत राहायचा, खानावळीत जेवायचा. पोटभर मराठी बोलायचा तो युसूफ वडगावला, सारजाअक्काच्या घरी गेल्यावरच.

अक्का त्याची थोरली बहीण. मानमोडीच्या साथीत दोघांचे आईबाप एका आठवड्यात गेले, तेव्हा अक्काचं नुकतंच लग्न झालेलं होतं. ती माहेरी आली, घराला कुलूप लावलं आणि धाकट्या भावाचा हात धरून सासरच्या दारात उभी राहिली. सासू बायनाबाईने दोघांकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाली, "आत या. भाकरी निवाय लागली." त्या घरात राधाकिशन वाढला. पुढे तो बीडला शिकला, वजिफा, म्हणजे शिष्यवृत्ती, मिळवून हैदराबादला गेला, पण बायनाबाईने त्याला कधी परक्याचं पोर म्हणून वागवलं नाही. रागावायची तेसुद्धा पोटच्या पोरावर रागवावं तशी.

होळीच्या सुट्टीत तो वडगावला गेला तेव्हा अक्का विहिरीवरून येत होती. घर चाळीस पावलांवर राहिलं असेल. तिने घागर खाली ठेवली आणि मारुतीच्या पाराला टेकून बसली. राधाकिशनने जाऊन घागर उचलली.

"काय झालं गं?"

"काय न्हाई रे. जरा दम लागला."

तिचा चेहरा वाळल्या पळसाच्या पानासारखा दिसत होता. ओठांचा रंग आणि गालांचा रंग एकच. तिने पदराने कपाळ पुसलं तेव्हा त्याला तिची नखं दिसली. मधोमध दबलेली, कडेने वर आलेली, चमच्यासारखी. बोलताना तिला दर चार शब्दांनी थांबावं लागत होतं.

घरी आल्यावर बायनाबाईने त्याला बाजूला घेतलं. "दिवस गेलेत तिला," ती म्हणाली. "ह्या खेपंला तरी देवानं डोळे उघडावं. चार गेले, राधाकिशन. चार. दोन तर हातात घिऊन बघितले मी. पांढरेफटक." मग तिने नारायणगडाच्या दिशेला हात जोडले आणि चुलीकडे वळली.

राधाकिशन बीडला परतला तो थेट दवाखान्यात गेला. तिथले डॉक्टर वयस्कर, सावकाश बोलणारे होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि लोखंडाच्या गोळ्या दिल्या. "अंगात रक्त नाही तिच्या. रक्ताला लोखंड लागतं. ह्या गोळ्या पोटात आग करतात, म्हणून जेवताना घ्यायला सांग." राधाकिशनने गोळ्यांची मोठी बाटली युसूफ वडगावच्या एका गाडीवानाबरोबर पाठवली आणि कशा घ्यायच्या ते त्याच्याकडून दोनदा वदवून घेतलं.

वैशाखात शाळेला उन्हाळी सुट्टी लागली तेव्हा तो पुन्हा वडगावला गेला. बाटली जवळजवळ रिकामी होती. अक्काने एकही गोळी चुकवली नव्हती. पण आता ती विहिरीवर जातच नव्हती. पाणी तिचा नवरा आश्रुबा आणायचा. ती चुलीपुढे बसायची आणि बसल्या जागेवरून उठताना भिंत धरायची. पायांना सूज होती.

"गोळ्यांनी काहीच फरक नाही?" राधाकिशनने विचारलं.

अक्का हसली. हसताना तिच्या हिरड्यासुद्धा पांढऱ्या दिसल्या. "तुजं लोखंड जसं जातं तसं भायेर येतं बघ. परसाकडं काळंकुट्ट. पोटात काय राह्यतच न्हाई. मी भाकरीसंगट खाती, तू म्हनला तसं. पर भाकरी राह्यती अन् लोखंड जातं."

हे ती थट्टेने बोलली. राधाकिशनचं मात्र जेवणातून लक्ष उडालं. त्याला हैदराबादेतला एक तास आठवला. प्रोफेसरांनी एका काचेच्या पेल्यात लोखंड विरघळवलेलं पाणी घेतलं होतं, त्यात थायोसायनेटचे थेंब टाकले, तसं ते रक्तासारखं लालभडक झालं. मग त्यांनी तांदळाच्या कोंड्यातून काढलेला एक अर्क त्यात ओतला. लाल रंग बघता बघता गेला आणि पेल्याच्या तळाशी पांढरा गढूळ साका बसला. प्रोफेसर म्हणाले होते, धान्याच्या सालीत एक तेजाब असतं, फायटिक तेजाब. ते लोखंडाला असं घट्ट धरतं की मग दुसऱ्या कुणालाही ते लोखंड मिळत नाही. पोरांनी टाळ्या वाजवल्या होत्या. जादूगाराचा खेळ पाहावा तसा राधाकिशनने तो तास पाहिला होता आणि विसरून गेला होता.

"अक्का, तुझ्या पिठाच्या डब्यातलं शेरभर पीठ देशील? आणि थोडी बाजरी?"

"तुला खानावळीत भाकरी न्हाई का देत?" बायनाबाईने चुलीपासून विचारलं.

"खायला नकोय, मामी. मोजायला पाहिजे."

"पीठ मोजाय बीडाला कावून न्यायचं? हितं मापटं हाय की!"

पण तिने पीठ बांधून दिलं.

सुट्टीत शाळा बंद होती. हेडमास्तर साहेबांनी किल्ली देताना त्याच्या हातातल्या गाठोड्याकडे पाहिलं. "मास्टर, ये आटा कायकू?"

"इसमें लोहा ढूंडना है, साहब."

"आटे में लोहा!" साहेब म्हणाले, "मिलेगा तो हमकू भी दिखाव." आणि किल्ली दिली.

शाळेची प्रयोगशाळा म्हणजे पत्र्याची एक लांब खोली. एक तराजू, थोड्या बाटल्या आणि लाकडी घोडीवर उभी लावलेली ब्युरेट, म्हणजे आकडे कोरलेली आणि खाली तोटी असलेली काचेची नळी. वैशाखात ती खोली भट्टीसारखी तापायची. राधाकिशनने भाकरी होईल एवढं पीठ तोललं, पातळ केलेल्या तेजाबात ते बराच वेळ ढवळलं, आधी फडक्यातून आणि मग कागदातून गाळलं. गाळून आलेलं पाणी स्वच्छ, किंचित पिवळसर. त्यात त्याने थायोसायनेट टाकलं. ब्युरेटमध्ये लोखंडाचं पाणी भरलं. त्यात लोखंड किती हे त्याने आधीच नेमकं ठरवून ठेवलं होतं. तोटी हलकेच फिरवली.

पहिला थेंब पडला तिथे लाल रंगाची एक रेघ उमटली आणि पेला हलवताच मिटली. दुसरा थेंब. पुन्हा लाल, पुन्हा काही नाही. पाणी हळूहळू दुधाळ होत गेलं, पण लाल होईना. नुसत्या पाण्यात त्याने तोच प्रयोग केला होता, तिथे दुसऱ्याच थेंबाला पाणी लाल झालं होतं. इथे तो थेंबामागून थेंब सोडत राहिला. ब्युरेट संपली. त्याने ती पुन्हा भरली. शर्ट पाठीला चिकटला होता आणि मानेवरून घाम उतरत होता, पण तोटीवरचा हात त्याने हलू दिला नाही. शेवटी एका थेंबानंतर पेला हलवला तरी फिकट तांबूस रंग गेला नाही. तिथे त्याने तोटी बंद केली आणि आकडा वाचला.

त्याने हिशेब दोनदा केला. अक्काच्या एका भाकरीच्या पिठाने जेवढं लोखंड गिळलं होतं, तेवढं दोन-तीन गोळ्यांत मिळून असेल. ती दर जेवणाला एक गोळी आणि दोन भाकरी खात होती.

त्याला आधी आनंद झाला. त्याने हवं ते शोधलं होतं, आणि ते स्वच्छ, आकड्यात सापडलं होतं. मग त्या आनंदाची त्याला लाज वाटली. पेल्याच्या तळाशी बसलेला पांढरा साका तो बघत राहिला. अक्काच्या अंगात जायला हवं होतं ते हेच.

पुढचे दिवस तो तिथेच असायचा. तेजाबाने लोखंडाऐवजी चुना धरावा म्हणून चुन्याचं पाणी घालून पाहिलं. पण चुना सुटाच राहत होता, धरलं जात होतं ते लोखंडच. तेजाब कमी करून पाहिलं. ज्वारी पाहिली, कांडून कोंडा काढलेला तांदूळ पाहिला. मग त्याने बाजरी भिजवली, ओल्या फडक्यात बांधून तिला मोड आणले, मोड उन्हात वाळवले, दळले आणि त्या पिठाचा अर्क काढला. ह्या वेळी तांबूस रंग आधीच्या अर्ध्या थेंबांतच टिकला. तेच पीठ ताकात कालवून आंबवलं, तर लोखंड आणखी कमी धरलं गेलं. मोड येताना दाणा आपलं तेजाब आपणच मोडून खात होता.

तो डॉक्टरांकडे गेला. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं.

"मास्तर, तुम्ही मोजलंत ते खरं असेल," ते म्हणाले. "पण पोट म्हणजे काचेचा पेला नाही. तिथे काय होतं ते तुम्हालाही ठाऊक नाही, मलाही नाही. तरी करून बघा. गोळी रिकाम्या पोटी द्या, आग झाली तर अर्धी द्या. धान्याचं तुम्ही म्हणता तसं करा, त्यात तोटा काहीच नाही. आणि दिवस भरत आले की तिला इकडे आणा. चार मुलं गेलेली बाई घरी बाळंत होऊ देऊ नका."

ज्येष्ठात राधाकिशन वडगावला पोचला. सगळ्यांना ओसरीवर बसवून त्याने सांगितलं. अक्काला जितकं कळलं तितकं तिने मान हलवून घेतलं. आश्रुबा गुडघ्याला हातांची मिठी घालून ऐकत होता. तो मुळातच कमी बोलायचा. त्याची थोडी जमीन होती आणि मेंढरांचा लहानसा कळप. माणसांपेक्षा मेंढरांबरोबर त्याचा दिवस जास्त जायचा.

बायनाबाईला मात्र ते पटेना. "मोड आलेली बाजरी? कनगीत वल लागून मोड आले तर आमी ती जनावराला घालतो. अन् ती हिला खाऊ घालायची? लोक काय म्हनतील, सुनंला सडकं चारती?"

"सडकं नाही, मामी. आपण मटकीला मोड आणतोच ना?"

"मटकीची भाकरी करतं का कुनी? मोडाच्या पिठाला चिकी ऱ्हात न्हाई. भाकरी थापाय गेलं की तुटती."

हे खरं होतं. मोडाच्या पिठाची भाकरी तव्यावर टाकायच्या आधीच हातात फुटायची. शेवटी अक्कानेच तोड काढली: भाकरी नको, त्या पिठाची आंबील करू. बायनाबाई पुटपुटत गप्प झाली. पण खरी अडचण कुणाच्या ध्यानात आली नव्हती, ती दुसऱ्या दिवशी सकाळी आली.

राधाकिशन जागा झाला तो जात्याच्या आवाजाने. आवाज नेहमीसारखा नव्हता. दोन फेरे व्हायचे, मग थांबायचा. पुन्हा एक फेरा. तो आत गेला. अक्का जात्यापुढे बसली होती, खुंट्याला कपाळ टेकून. घरादारासाठीचं दळण तिने आधीच उरकलं होतं. आता हे दुसरं दळण होतं, तिचं एकटीचं. बायनाबाईचे हात संधिवाताने वाकडे झालेले, तिला खुंटा धरता येत नव्हता. घरात तिसरी बाई नव्हती.

राधाकिशन दारात उभा राहिला. त्याने थेंब मोजले होते, तेजाब मोजलं होतं. हे दळण कोण दळणार, हा विचार त्याच्या मनात एकदाही आला नव्हता.

"ऊठ अक्का, मी दळतो."

"तू उद्या जाशील," ती म्हणाली. "मंग?"

मागून आश्रुबा आला. त्याने बायकोला दंडाला धरून उठवलं, स्वतः मांडी घालून बसला आणि खुंटा धरला. जातं घरघर फिरायला लागलं. बायनाबाईने कपाळावर हात मारला, "अगं बाई, बापई मानूस जात्यावर!" पण ती त्याला ऊठ म्हणाली नाही. ती सुपातली बाजरी मुठीमुठीने जात्यात घालू लागली.

ते गावात लपून राहिलं नाही. शेजारचा बंकट सकाळी रस्त्यावरून जाताना मुद्दाम थांबायचा. "आश्रुबा, ओव्या तरी म्हन की बे! मुक्यानं कावून दळतो?" पारावरचे लोक हसायचे. आश्रुबाने दार लावून घेतलं नाही आणि उत्तरही दिलं नाही. दळण झालं की पिठाने पांढरे झालेले हात धोतराला पुसायचा आणि मेंढरं घेऊन माळावर जायचा. महिनाभराने बंकटलाच कंटाळा आला.

राधाकिशन दर पंधरवड्याला येऊ लागला. मोटारीने केज, तिथून कुणाच्या तरी गाडीतून वडगाव. श्रावणात तो आला तेव्हा अक्का अंगणात पोतेरं घेत होती. तिच्या ओठांवर कळेल न कळेल असा रंग आला होता. पायांची सूज उतरली होती. एका दमात ती अख्खं वाक्य बोलत होती. आणि पोटात मूल हालत होतं. आधीच्या खेपांना असं कधी हाललं नव्हतं, म्हणाली.

"तुजी आंबील लागली बरं का," ती म्हणाली. "मोडाची गोडच लागती. आत्याबाई बी चोरून पेत्यात."

"मी कावून चोरू?" बायनाबाई आतून ओरडली. "आंबली का न्हाई, ते चाखून बघती."

राधाकिशन त्या दिवशी खूप दिवसांनी मोठ्याने हसला. जेवणानंतर त्याने विषय काढला. "अक्का, भाद्रपदात मी गाडी घेऊन येतो. बाळंतपणाला बीडला चल. डॉक्टरांशी बोललोय मी."

अक्काने मान हलवली. "तुज्या घरी बाई मानूस न्हाई. तितं माजं कोन करंल? अन् तवा बाजरी काढनीला येती. ह्यांना एकट्याला कसं जमंल?"

"दवाखान्यात नर्स असते."

"परक्या बायांच्या हातात? नगं रे. रतनबाई सुईन हाय की. आन् मला आता बरं हाय. तूच बघ की."

तो बघत होता. ती खरंच बरी दिसत होती. त्याने मोजलं होतं, त्यानुसार झालं होतं. डॉक्टरांचं बोलणं त्याला आठवत होतं, पण ते आजारी अक्काबद्दल होतं, असं त्याला वाटलं. "बरं," तो म्हणाला. "मी दसऱ्याच्या सुट्टीला येतो. तोवर गोळ्या चुकवू नकोस." त्याने आणखी एकदा आग्रह केला असता तर आश्रुबा त्याच्या बाजूने बोलला असता. तसं आश्रुबाने नंतर स्वतः सांगितलं. तेव्हा तो नुसता बघत राहिला होता, मास्तर काय म्हणतो याची वाट बघत.

दसऱ्याच्या सुट्टीत राधाकिशन निघाला. बरोबर बाळाच्या झबल्यासाठी मऊ कापड होतं आणि गोळ्यांची नवी बाटली. मोटार दुपारी केजला थांबली. उतरून तो वडगावकडची गाडी शोधत रस्त्याच्या कडेने चालला, तर चिंचेखाली त्याला आश्रुबाची गाडी दिसली. बैल सोडलेले होते. आश्रुबा चाकाला पाठ लावून जमिनीवर बसला होता. गाडीत वाकळ पसरलेली आणि तिच्यावर लुगडं पांघरलेलं होतं.

राधाकिशन चालत राहिला. पाय आपोआप पडत होते. जवळ गेल्यावर आश्रुबाने वर पाहिलं.

"पोरगी झाली," तो म्हणाला. "जित्ती हाय. माज्या मायजवळ हाय."

मग तो गाडीकडे न बघता सांगू लागला.

"रगत थांबंना. रतनबाईनं लई केलं. म्हनली, दवाखान्यात न्ह्या. म्या गाडी जुपली. वाटंत बोलत व्हती माज्याशी. पानी मागितलं. ढाकेफळाच्या वढ्यावर पानी आनाय उतरलो." त्याने हाताने रस्त्याकडे दाखवलं. "वर आलो तर..."

राधाकिशनने लुगडं बाजूला केलं. तिचा चेहरा होळीला पाहिला होता त्याहूनही पांढरा होता. उन्हाळ्यापासून कणाकणाने जे जमा झालं होतं, ते सगळं एका सकाळीत वाहून गेलं होतं. त्याने लुगडं पुन्हा नीट केलं, कोपरे वाकळेखाली खोवले आणि आश्रुबाशेजारी जमिनीवर बसला. दोघांनी मिळून बैल जुंपले आणि गाडी वडगावकडे वळवली. वाटेत दोन्ही बाजूंना कापणीला आलेली बाजरी उभी होती.

बायनाबाई दारातच बसली होती, पोर मांडीवर घेऊन. गाडी बघून ती उठली नाही. राधाकिशन समोर आला तसं ती म्हणाली, "तिला बीडाला कावून न्हेली न्हाईस? तू तर म्हनला व्हतास. डाक्टर म्हनला व्हता. मंग कावून आमचं ऐकलंस? आमी अडानी. तुला तर कळत व्हतं ना?"

बायनाबाईने पोर शेजारणीकडे दिलं आणि सुनेच्या पायांवर डोकं ठेवून रडली. अंगण माणसांनी भरून गेलं होतं, पण तिच्याजवळ कुणी गेलं नाही.

दहाव्याला पिंडाला कावळा शिवायला फार वेळ लागला. आश्रुबा नदीच्या दगडावर हात जोडून उभा राहिला आणि मोठ्याने म्हणाला, "पोरीला मी सांबाळीन. मायलाबी सांबाळीन." तरी कावळा आला नाही. मग राधाकिशन पुढे झाला. तोही हात जोडून उभा राहिला. उन्हं चढल्यावर शेवटी एक कावळा उतरला.

परतताना आश्रुबाने त्याला विचारलं, "मास्तर, एक इचारू? तुमी शाळंत मोजलं, ते खरं व्हतं का?"

"खरं होतं, दाजी."

"मंग काय चुकलं?"

"भाकरी किती लोखंड धरते, ते मी मोजलं. अक्काला किती लागणार, ते मला मोजता आलं नाही. ते मोजायचं राहिलंय, हेच मी विसरलो."

आश्रुबाने मान हलवली. त्याला कळलं की नाही, राधाकिशनला समजलं नाही.

बीडला गेल्यावर त्याने डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टर चष्मा पुसत राहिले. "उन्हाळ्यात होती तशीच राहिली असती तर हेही मूल पोटातच गेलं असतं," ते म्हणाले. "आणि अंगात आणखी थोडं रक्त असतं तर ती एवढ्यातून कदाचित तगली असती. तुम्ही तिला अर्ध्या वाटेपर्यंत आणलंत, मास्तर." ते समजूत घालायला बोलत होते. राधाकिशनला मात्र पुढची कित्येक वर्षं त्यातला 'अर्ध्या वाटेपर्यंत' एवढेच शब्द ऐकू येत राहिले.

त्या वर्षी त्याने पोरांना लोखंडाचा धडा शिकवला, तो फळ्यावरच. पेल्यातलं पाणी लाल करून दाखवलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात मात्र त्याने पुन्हा किल्ली मागून घेतली. आनंद म्हणून नव्हे. अर्धवट टाकलेलं काम डोळ्यांसमोरून हलेना, म्हणून. किती दिवसांचे मोड, किती आंबवलेलं पीठ, किती तीव्र तेजाब, सगळं त्याने पद्धतशीर मोजलं आणि हैदराबादेला प्रोफेसरांना स्वतः जाऊन दाखवलं. त्यांनी काम नीट आहे म्हटलं. पोटात काय होतं ते दाखवल्याशिवाय ह्याला अर्थ नाही, असंही म्हटलं. राधाकिशनने वाद घातला नाही. ते त्याला त्यांच्याआधी कळलं होतं.

पोरगी जगली. आश्रुबाने शेळी विकत घेतली आणि बायनाबाईने वाकड्या बोटांनी कापसाची वात दुधात बुडवून तिला पाजलं. अडीच वर्षांची झाली तेव्हा तिचं जावळ काढायचं ठरलं. मामाच्या मांडीवर बसवून जावळ काढतात, म्हणून राधाकिशनला निरोप आला. तो नवं झबलं घेऊन गेला. पोरीने त्याला ओळखलं नाही. मांडीवर बसवताच ती रडायला लागली. न्हाव्याचा वस्तरा बघून तिने त्याचा सदरा दोन्ही मुठींनी घट्ट धरला.

"गप, बाळा, गप. मामा हाय तो," बायनाबाई म्हणाली. अक्का गेल्यापासून राधाकिशनशी ती त्या दिवशी पहिल्यांदाच नीट बोलली. "हिच्या मायला बी म्याच गप करायची. नवी नवरी आलती तवा आईबाप गेलेले. जात्यावर बसून रडायची."

जावळ उतरेपर्यंत पोरगी रडत राहिली. मग आश्रुबाने तिला उचललं, खांद्यावर टाकलं आणि तिला घेऊन मेंढरांच्या वाड्याकडे गेला. लांबून तिचं हुंदके देणं हळूहळू थांबलेलं ऐकू आलं. राधाकिशनने सदऱ्यावर पडलेले बारीक केस झटकले. बायनाबाईने त्याच्यापुढे ताट ठेवलं. तो जेवला, आणि दुपारच्या गाडीने केजकडे निघाला.